ओरिजिनल चावी

अण्णा होते तोवर त्यांच्या मनगटावर घड्याळ आहे, हे दादाच्या कधी लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही. ते गेले आणि वर्षभरातच दादाला त्या घड्याळाचं 'कॅरॅक्टर' दिसायला लागलं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते हेच.

झालं असं, की दादाला फोनवर एक ग्रुप सापडला. जुन्या घड्याळांचे शौकीन. सगळी पन्नाशीची माणसं, सगळ्यांना बढत्या मिळून गेलेल्या आणि पुढच्या मिळायच्या नाहीत हे कळून चुकलेलं. तिथे कोणी आजोबांचं घड्याळ दाखवायचं, कोणी सासऱ्यांचं. दादाकडे दाखवायला काही नव्हतं. मग एका रविवारी तो आईकडे आला, अण्णांचं घड्याळ मागितलं आणि रुमालात गुंडाळून घेऊन गेला.

घड्याळ मुलाकडे जातं, असं आमच्या घरी कुणी ठरवलं नव्हतं. ठरवायची गरजच नव्हती. मुलीच्या वाट्याला आईच्या डोळ्यांत घालायचे थेंब आले, गुडघ्यांचं मलम आलं आणि गळका नळ आला. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते. रोज दुपारी जाते, थेंब घालते, तिच्या तक्रारी ऐकते, माझ्या सांगते आणि परत येते. त्याची कुणी गोष्ट करत नाही. जिथे पिकतं तिथे विकत नाही.

पण त्या रविवारी दादाने आईची सकाळ नेली, हे त्याच्या गावीही नव्हतं. अण्णा पाणीपुरवठ्याच्या पंपावर होते. आयुष्यभर त्यांनी त्या घड्याळावर शहराचं पाणी सोडलं आणि बंद केलं. म्हातारपणी त्यांचे हात थरथरायला लागले, तेव्हा घड्याळाला चावी देण्याचं काम आईकडे आलं. आईची बोटं सांध्यांत सुजलेली. घड्याळाच्या कडेला जी फिरवायची चावी असते, ती तुरीच्या दाण्याएवढी. आईच्या चिमटीत ती यायचीच नाही. मग अण्णा घड्याळवाल्याकडे गेले आणि दुसऱ्या कुठल्या तरी दांडग्या घड्याळाची, चांगली जाडजूड, खरबरीत कडेची चावी त्याला बसवून आणली. दिसायला ती भयानक होती. सडपातळ माणसाने थोरल्या भावाचे बूट घालावेत तशी. पण आईला ती फिरायची. रोज सकाळी, चहाचं आधण ठेवलं की ती घड्याळाला चावी द्यायची, कानाला लावायची, आणि मगच साखर टाकायची. अण्णा गेल्यावरही तिने ते चुकवलं नाही. उलट, अण्णा गेल्यावर तिच्याकडे तेवढंच एक काम अण्णांचं म्हणून उरलं होतं.

घड्याळ गेल्यावर ती नुसताच चहा करायला लागली. एकदा साखर विसरली, एकदा दोनदा टाकली. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही गं, सवय मोडते आहे.

दादा घड्याळवाल्याकडे निघाला तेव्हा मीही बरोबर गेले, कारण दुकान दादाला माहीत नव्हतं. अरुंद दुकान, काचेखाली पट्टे, आणि मागे एक घड्याळवाला, डोळ्याला भिंग लावलेला. माणूस कारागीर चांगला, पण अहंकार इतका की दुकानात गिऱ्हाइकाला जागा उरत नाही. दादाने त्याला फोनवर शिकलेलं सगळं सुनावलं. आतून साफ करा, तेल द्या, पण तबकडीचा पिवळेपणा तसाच राहिला पाहिजे. पॉलिश करायचं नाही. मागच्या झाकणावरचा ओरखडा तर अजिबात घालवायचा नाही, तो अण्णांच्या कष्टांचा आहे. तो ओरखडा लोण्याच्या डब्याचं झाकण उचकटताना पडलेला, मी समोर होते. 

मग त्याची नजर चावीवर गेली. हे काय, म्हणाला. ही ओरिजिनल नाही.

घड्याळवाल्याने भिंग वर केलं. ती त्यानेच बसवलेली होती, आणि तिच्यासाठी त्याने चावीची आतली दांडी बदलायची खटपट केली होती. त्याने ते सविस्तर सांगितलं. दादाने ऐकलं नाही. घड्याळ कारखान्यातून निघालं तेव्हा जी चावी होती, तीच हवी. मी म्हटलं, दादा, ती अण्णांनी आईसाठी बसवून घेतली आहे. दादा म्हणाला, भावना वेगळी आणि ओरिजिनॅलिटी वेगळी.

घड्याळवाला एवढंच म्हणाला, "साहेब, घड्याळ चालवायचंय की दाखवायचंय? तसं काम करतो."

दादाने परदेशातून ती तुरीच्या दाण्याएवढी चावी मागवली. ती यायला किती दिवस लागले ते ग्रुपला रोज कळत होतं. आईला कुणी कळवलं नाही. ती मला दर दोन दिवसांनी विचारायची, दुरुस्त झालं का गं घड्याळ. तिला वाटत होतं, झालं की परत येईल. काम झालं तेव्हा घड्याळवाल्याने काढलेली मोठी चावी दांडीसकट कागदाच्या पुडीत बांधून पुढे केली. त्याच्याकडे ती पद्धतच आहे, काढलेला भाग गिऱ्हाइकाला परत. दादा म्हणाला, कचरा आहे, टाका. पुडी मी घेतली आणि पर्समध्ये ठेवली. टाकायला मला कधीच जमत नाही, माझं कपाट बघा.

मग दादाने घरी छोटासा कार्यक्रम ठेवला. आईला घेऊन मी गेले. ग्रुपमधले तिघे आले, येताना आपापली भिंगं घेऊन. वहिनीने बिस्किटं मांडली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली, ती शहाणी. बैठकीत काचेची एक पेटी होती, आत मखमल, वर छोटा दिवा. घड्याळाचा मुक्काम आता तिथे असणार होता. तिघांनी आळीपाळीने घड्याळ न्याहाळलं आणि चावीजवळ आल्यावर माना डोलावल्या. एकाने तर दादाशी हात मिळवला. दादा लग्नातही इतका लाजला नव्हता.

आणि मग त्याला सुचलं, की पहिली चावी आईच्या हातून द्यावी. फोटो छान येईल.

आईने घड्याळ हातात घेतलं. चेहरा असा उजळला, की मला दादाचं सगळं माफ करावंसं वाटलं. तिने नेहमीच्या जागी चिमूट नेली. बोटं घसरली. तिने पदराला बोटं पुसली, पुन्हा धरलं, पुन्हा घसरली. नखाने करून पाहिलं. तिघे पाहुणे फोन उगारून उभे होते. तिने एकदा घड्याळ उलटं करून पाहिलं, चुकून दुसऱ्याचं तर दिलं नाही ना, असं.

"अरे, ह्याची चावी कुठे गेली?" तिने विचारलं.

दादा समजावायला लागला, ती चुकीची होती, ही बरोबर आहे. आईने ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "ह्यांनी माझ्या हाताला येईल अशी करून घेतली होती रे. आता मी रोज चावी कशी देऊ?"

पाहुण्यांनी फोन खाली केले. दादाचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. पण एवढी वर्षं मीटिंगा केलेला माणूस तो, चारचौघांत हरायची त्याला सवय नाही. म्हणाला, "त्यात काय, आई? मी येईन ना रोज सकाळी चावी द्यायला."

"ये," आई म्हणाली. घड्याळ तिने रुमालात गुंडाळून आपल्या पिशवीत टाकलं. काचेच्या पेटीतला दिवा तसाच जळत राहिला, आणि दादाला पाहुण्यांसमोर 'नाही' म्हणता येईना. मी आयुष्यात इतकी चविष्ट बिस्किटं खाल्ली नाहीत.

दादा यायला लागला. पहिले काही दिवस दारातूनच चावी देऊन पळायचा. मग आईने त्याला चहा पाजायला सुरुवात केली. चांगले कप निघाले, पातळ काठाचे, जे माझ्या लग्नात एकदा निघाले होते. मी दुपारी जाते तेव्हा मला कान तुटलेला मग मिळतो. ती सकाळी लवकर उठून केस विंचरून बसायची. दुपारी मला बातम्या मिळायच्या. दादाचं पोट सुटलंय. दादाच्या ऑफिसात नवा साहेब आलाय. दादा आज दोन कप प्यायला. थेंब घालताना तिला डोळे मिटून घ्यायची सवय होती, तीसुद्धा बोलण्याच्या नादात सुटली.

नव्याचे नऊ दिवस. उशीर व्हायला लागला, वहिनीची चिडचिड झाली, आणि एक दिवस दादा माझ्या दारात आला. ती जुनी चावी घड्याळवाल्याने खरंच टाकली असेल का गं, म्हणाला. मी म्हटलं, तूच सांगितलं होतंस टाकायला. चार दिवस त्याला झुलवला आणि मग पुडी काढून दिली. मला वाटलं, आईचं काम आईला परत मिळतंय, न्याय झाला. घड्याळवाल्यालाही तसंच वाटलं असावं. काम करताना तो शीळ घालत होता. काढलेली लहान चावी त्याने पद्धतीप्रमाणे पुडीत बांधली. दादा घड्याळाचा फोटो काढण्यात गुंतला होता, म्हणून ती पुडीही माझ्याच पर्समध्ये गेली.

दादाने ग्रुपला लिहिलं, की खरी ओरिजिनॅलिटी म्हणजे घड्याळाचा इतिहास जपणं. सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली.

त्यानंतर एका सकाळी मी आईकडे गेले. नळाचा माणूस यायचा होता. ओट्यावर चांगले दोन कप मांडलेले. आईने आधण ठेवलं, घड्याळ घेतलं, जाडजूड चावी सरासर फिरवली, कानाला लावलं. सगळं मिनिटाच्या आत. दादा येऊन गेला का, मी विचारलं. आता कशाला येईल, ती म्हणाली, मला जमतं की. तरी तिने दुसरा कप उचलून ठेवला नाही. मग दाराकडे एकदा पाहून त्यात माझा चहा ओतला. मला राग आला, आणि रडूही आलं, आणि दोन्हींसाठी चहा फारच गरम होता.

आई घड्याळाच्या चावीवरून अंगठा फिरवत बसली होती.

"ती लहान चावी," ती म्हणाली, "टाकून तर नाही ना दिली गं कुणी?"

पर्स माझ्या मांडीवरच होती. मी चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि म्हटलं, बघते विचारून.