प्लग न सोडणारा पॉवर सप्लाय

मी एक जुना पॉवर सप्लाय आहे, मित्रांनो, आणि जुना म्हणताना माझी मान खाली जात नाही. एका मोठ्या रुग्णालयाच्या संगणक-खोलीत, रुग्णांचे एक्स-रे आणि मेंदूचे फोटो साठवणाऱ्या संगणकाच्या लोखंडी कपाटाच्या पाठीत मी बसतो. भिंतीतली वीज घ्यायची आणि कपाटाला मानवेल अशी करून द्यायची, हे माझं काम.

शेजारी माझा जुळा भाऊ होता. एकाच कारखान्यात आम्ही जन्मलो. निम्मा भार त्याचा, निम्मा माझा. एक पडलाच तर दुसऱ्याने तिथल्या तिथे सगळा भार उचलायचा, म्हणून तर दोघांना ठेवलेलं. वर्षानुवर्षं कपाट एकदाही बंद पडलं नाही. कौतुक कुणाचं झालं? कपाटाचं! असो.

मग एके दिवशी भाऊ जळाला. कपाटाने लगेच भोंगा वाजवला. खोलीच्या प्रमुख बाई आल्या. "काय कटकट आहे! चालतंय ना सगळं?" म्हणाल्या आणि भोंगा बंद करून गेल्या. चालत होतं, कारण मी चालवत होतो! अख्खा उन्हाळा एकट्याने ओढला. अंग भाजून निघालं.

अखेर नवा सप्लाय घेऊन मेकॅनिक आला. त्याच वेळी वरच्या मजल्यावर एका ट्रकचालकाच्या मेंदूची शस्त्रक्रिया चालू होती आणि डॉक्टर त्याचे फोटो आमच्याच कपाटातून पाहत होते. बाई कपाटासमोर, मेकॅनिक मागे. "डावीकडचा गेलाय हो," बाई म्हणाल्या. त्यांची डावी बाजू म्हणजे त्याची उजवी, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. भावाचा बिघाड दाखवणारा लाल दिवा वायरींच्या जंजाळात झाकलेला. मेकॅनिकने माझाच प्लग धरला आणि ओढला.

मी सोडला नाही. तापून तापून प्लग मला चिकटला होता म्हणा, नाहीतर हट्ट म्हणा. मी हट्टच म्हणतो. भीती मात्र वाटली, खरं सांगतो. मी सुटलो असतो तर वरचा पडदा काळा झाला असता, आणि टेबलावर कवटी उघडलेला माणूस!

"भलताच अडेलतट्टू दिसतोय," मेकॅनिक करवादला. "बाई, जरा या वायरी धरा, जोर लावतो."

बाई मागे आल्या. वायरी उचलल्या आणि त्यांना लाल दिवा दिसला.

"अहो, हात काढा! हा चालू आहे! गेलेला तो शेजारचा!" त्यांचा आवाज चिरकला.

भावाच्या जागी नवा बसला. "हाही जुनाच आहे, काढून टाकू?" मेकॅनिकने विचारलं.

"वरची शस्त्रक्रिया संपल्याचा फोन येईपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या आणि स्टूल ओढून माझ्यापाशीच बसल्या. फोन आला. ट्रकचालक वाचला होता. बाईंनी डोळे पुसले.

मित्रांनो, मला भंगारात टाकायचं तेव्हा खुशाल टाका. मी कुणापुढे हात पसरणार नाही. पण दोघांतला एक पडला की जो भोंगा वाजतो, त्याचं तोंड बांधू नका. उठा, मागे जाऊन बघा. उरलेला अजून किती दिवस तग धरेल, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. मलाही नव्हतं.