काशीला सोडलेलं फळ

काशीला गेलं की लोक एखादं फळ सोडून येतात. सीताबाईंनी रामफळ सोडलं. तसंही त्यांना ते कधी आवडलं नव्हतं. त्यांच्या नवऱ्याने, दिनानाथ सरांनी, मात्र अख्खी जातच सोडली. रोह्याच्या कॉलेजात बत्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेला माणूस, त्याचं एका फळावर कसं भागणार? "आठळीफळं सोडली," त्यांनी भटजींना सांगितलं. म्हणजे आत बी, बीभोवती टणक आठळी आणि आठळीभोवती गर किंवा साल, अशी झाडून सगळी. भटजींनी आंबा समजून पाणी सोडायला लावलं आणि ते मोकळे झाले. अडकल्या त्या सीताबाई.

कारण त्या व्याख्येत आंबा, बोर, बदाम आले तसा नारळही आला. आता कोकणातल्या घरात नारळाशिवाय करायचं काय, कपाळ? दीड वर्ष रोह्याजवळच्या वरसे गावातल्या त्यांच्या स्वयंपाकघरात दोन-दोन आमट्या शिजत होत्या, एक माणसांची आणि एक सरांची. बरं, गुमान जेवतील तर शपथ! टोमॅटो हे मृदुफळ, काजूचं बोंड हे खरं फळच नव्हे, असा घासाघासाला एक धडा. सीताबाई अगदी वैतागून गेल्या होत्या.

आज तर कठीणच होतं. त्यांच्या लेकीचं, नम्रताचं लग्न जुळत आलं होतं. मुलगा मिथुन धरमतरच्या बाजूचा, सरांचाच जुना विद्यार्थी. वडील नव्हते, घरचं सगळं आई बघायची. साखरपुड्याची तारीख धरायला त्या गिरजाबाईंनी तिघांना जेवायला बोलावलं होतं.

"आजचा दिवस तेवढी काशी विसरा," सीताबाई वाटेतलं खांब गाव येईपर्यंत तीनदा म्हणाल्या.

"शास्त्रात सवलत नसते," सर म्हणाले.

पानात वालाचं बिरडं आलं, नारळीभात आला, वाटीत सोलकढी आली. सरांनी पानावर हात आडवा धरला. "ह्यात नारळ आहे. नारळ हे आठळीफळ. करवंटी ही आठळी, आणि काथ्या..."

गिरजाबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. "सकाळपासून चुलीशी हाय मी, सर. आमच्या हातचं चालत नाय काय तुम्हाला?"

नम्रताचा चेहरा पांढराफटक पडला. सरांनी काशीपासून सगळं समजावलं, आणि समजावल्यामुळे ते आणखीच बिघडलं. शेवटी त्यांनी कोरडा भात आणि दही खाल्लं. गिरजाबाई मुकाट्याने उष्टी पानं उचलायला लागल्या. तारखेचं नावही निघेना.

"चा तरी घ्याल?" त्यांनी तुटकपणे विचारलं.

"कॉफी चालेल," सर म्हणाले.

मिथुन मध्येच म्हणाला, "सर, कॉफीसुद्धा आठळीफळच ना? तोंडी परीक्षेत तुम्ही मला हेच विचारलं होतं. माझं चुकलं, म्हणून अजून पाठ आहे."

सीताबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. दीड वर्ष दिवसाला तीन कप कॉफी त्या स्वतःच्या हाताने करून देत होत्या.

"कॉफी बियांची असते," सर घाईघाईने म्हणाले. "फळ आपण घेतच नाही."

"आणि खोबरं?" सीताबाई म्हणाल्या. "खोबरं म्हणजे नारळाच्या बीचाच भाग, असं परवा मी नारळ खवताना कोण शिकवत होतं?"

सर चष्मा पुसायला लागले.

"तुम्हाला ठाऊक होतं!" सीताबाईंचा आवाज चढला. "अहो, देवापुढे तुम्ही तुमचं काही सोडलंच नाहीत. माझं सोडलंत."

मग गिरजाबाईंनी सरांपुढे नवं पान मांडलं, बिरड्याचं पातेलं परत आणलं आणि पळी सीताबाईंच्या हातात दिली. "वाढा गो बाय, तुम्हीच वाढा."

सीताबाईंनी दोन पळ्या वाढल्या. सर खाली मान घालून जेवायला लागले. गिरजाबाई त्यांच्या समोरच बसल्या आणि मिथुनला म्हणाल्या, "कॅलेंडर आण रे."