पुरळ

"बघा, आलं की नाही!" सुमनताईंनी हिंदुरावांची हनुवटी धरून चेहरा खिडकीच्या उजेडाकडं वळवला. नाकाकपाळावर लालभडक पुरळ उठलं होतं. "गौहरभाभी म्हणाल्याच होत्या, अंगावर फुटलं की समजायचं औषध लागू पडलं."

"आग होतीया नुसती."

"होऊ दे. आतलं विष बाहेर पडतंय."

गोळ्या शेजारच्या गौहरभाभींच्या. त्यांच्या मालकांना, लालमहंमद मेकॅनिकना, फुप्फुसाच्या कॅन्सरात याच गोळ्यांनी दोन वर्षं दिली होती. ते गेल्यावर उरलेले दोन डबे भाभींनी स्वतःहून आणून दिले. "गाठीच्या तुकड्याची जनुकांची तपासणी करू, मगच औषध ठरवू," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण आजार तोच, गोळी तीच, मग तपासायचं काय? सुमनताईंनी तपासणीचा कागद देव्हाऱ्यात ठेवला आणि रोज तीर्थाबरोबर एक गोळी दिली.

दोन महिन्यांनी हिंदुराव जिन्यात बसले ते उठेनात. तेव्हा कुठं तपासणी झाली.

"ही गोळी जनुकातल्या ज्या बदलावर चालते, तो यांच्या गाठीत नाहीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकही गोळी उपयोगाची नव्हती."

"पण पुरळ आलं होतं हो!"

"ते कुणालाही येतं. तेव्हा केमो सोसली असती. आता नाही सोसायची."

हिंदुराव चाकणच्या कंपनीत तीस वर्षं माल तपासायचे. घरी परतताना रिक्षात ते एकाएकी हसले.

"मापाचं गेज लावल्याबिगर एक बोल्ट सोडला न्हाई मी. आन् तू मला तसाच पास केलास व्हय गं?"

सुमनताईंनी पदर तोंडात कोंबला.

"रडू नगंस," ते म्हणाले. "गिळल्या तर म्याच."

संध्याकाळी गौहरभाभी दारात उभ्या. "सुमनताई, भाऊ कसे आहेत?"

"बरं आहे." सुमनताईंचा आवाज हलला नाही. "गोळ्यांनी फरक पडला."

"अल्लाचे उपकार!" भाभींचे डोळे भरून आले. "आमच्या ह्यांचं राहिलेलं कुणाच्या तरी कामी आलं. हे घ्या, कपाटात अजून एक पाकीट सापडलं."

सुमनताईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं. आतल्या खोलीत खोकल्याची उबळ उठली. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

"बसा ना भाभी, चहा टाकते."