साडूच्या टाकीत बर्फ

कालवांच्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांच्या, बीजकेंद्रात दोन साडू एकत्र कामाला होते. एवढं सांगितलं की बाकीचं समजण्यासारखं आहे. थोरल्यांचं निम्मं आयुष्य त्या टाक्यांत गेलं होतं. धाकटे परवा परवा आले आणि आल्या आल्या केंद्राच्या प्रमुख मॅडमना आवडू लागले. सासूबाईंना तर ते आधीपासूनच आवडत.

केंद्रप्रमुखाची खुर्ची रिकामी होणार होती. मॅडम म्हणाल्या, यंदा ज्याच्या टाकीतली कालवं आधी अंडी सोडतील, त्याच्या हाती केंद्र.

थोरल्यांची कालवं तोंड मिटून बसली होती. धाकट्यांच्या टाकीतलं पाणी रोज थोडं थोडं ऊन होत होतं आणि कालवं अंड्यांनी चांगली भरली होती.

"धाकटी सांगत होती," बायको वाढता वाढता म्हणाली, "तिच्या ह्यांचं उद्या-परवात होणार म्हणे."

"होऊ दे की," म्हणत थोरले अर्ध्या ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे पांगले, तसा थोरल्यांनी शीतगृहातून दोन बादल्या बर्फ आणून साडूच्या टाकीत ओतला. कालवं गारठतील, मागे पडतील, एवढीच माफक अपेक्षा. मग हात पुसून ते डबा खायला बसले. बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती.

पाणी गार पडलेलं पाहून हीटर आपणहून सुरू झाला आणि ते भराभर तापवू लागला. भरलेल्या कालवांना आधी गारठा आणि पाठोपाठ ऊब दिली की ती अंडी सोडतात, हे प्रत्येक नवशिक्याला थोरले स्वतः शिकवत. पण पोटात दुखायला लागलं की डोक्यातलं आठवत नाही.

दुपारच्या चहापर्यंत टाकी दुधासारखी पांढरी झाली. एकाने सुरुवात केली की शेजारच्याला राहवत नाही. कालवांचा स्वभावही आपल्यासारखाच.

मॅडम धावत आल्या. "वा! काय केलंत काय?"

"काहीच नाही हो," धाकटे लाजून म्हणाले. "आपोआपच झालं."

गप्प राहिले असते तर थोरल्यांची फक्त खुर्ची हुकली असती. पण साडूला फुकटची शाबासकी?

"आपोआप कसलं डोंबलाचं!" ते गरजले. "बर्फ मी टाकला! दोन बादल्या!"

"माझ्या टाकीत?" धाकटे चक्रावले. "का हो, साडूभाऊ?"



"म्हणजे वाटोळं करायला गेलात," मॅडम म्हणाल्या, "आणि तेही जमलं नाही."

केंद्र धाकट्यांकडे गेलं. घरी बायकोने अबोला धरला. थोरले मात्र भेटेल त्याला सांगत सुटले, की त्या टाकीतलं यंदाचं सगळं बीज खरं तर आपलंच.