काटा मधेच आहे

जॉयसचा एक डोळा रस्त्यावर होता आणि दुसरा काट्यावर. काटा म्हणजे डॅशबोर्डावरच्या बारक्या गोल तबकडीतला, इंजिनाचा ताप दाखवणारा. डावीकडं गार, उजवीकडं लाल पट्टी. शिरूर सोडलं तेव्हा तो डावीकडं निजल्यासारखा पडून होता. आता उठून बसला होता.

शेजारी तिचे वडील, दावीद, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले होते. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, वर स्वेटर, मफलर. दौंडला त्यांच्या धाकट्या भावाच्या, नोएलच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून घरी उपकारस्तुतीची प्रार्थना होती. जॉयस म्हणाली होती, ट्रकनं जाऊ. ते नुसतं "बरं" म्हणाले होते.

हा ट्रक त्यांचाच. पुढं लांब नाक असलेला, जुन्या घडणीचा. उभी हयात त्यांनी तो चालवला. कांदा वाहिला, ऊस वाहिला, विटा वाहिल्या, नाताळात चर्चच्या मंडळीची अख्खी गाणारी पोरं मागं उभी करून गावोगाव फिरवली. मग काचबिंदूनं डोळे नेले. दोन्ही डोळ्यांत उजेड-अंधार तेवढा राहिला, आणि डोळ्यांपुढं काही हललं तर ते हललं एवढंच कळायचं. ट्रक विकला. तो हातोहात फिरत शेवटी वरवंडच्या एका हॉटेलामागं जाऊन पडला. जॉयसला तो सापडला तेव्हा केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालत होत्या.

रांजणगावच्या कारखान्यात तिची नोकरी. रविवारी उपासना सुटली की ती तडक खंडू मिस्त्रीच्या शेडवर जायची. दोन वर्षं तिनं हेच केलं. इंजिन उघडलं, बोअर केलं, नवे पिस्टन घातले, रेडिएटर धुऊन गळक्या जोडांना कथलाचा डाग दिला, पत्रा ठोकून सरळ केला. वडील एकदाच शेडवर आले. मडगार्डावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मेलेल्या बैलाला झूल कशाला गं?" नंतर त्यांनी विषय काढला नाही, आणि तिनंही नाही.

निघताना खंडूनं तिला बजावलं होतं, "इंजिन नवं हाय ताई, घट्ट हाय. थोडं तापणारच. पर काटा लाल पट्टीला टेकला का जिथं असाल तिथं थांबायचं. हेड वाकलं म्हंजी दोन वर्सं मातीत."

तेव्हापासून तिला तीच धास्ती होती.

"काटा कुठाय?" वडिलांनी विचारलं.

"मधेच आहे, पप्पा."

तेव्हा तो खरंच मधे होता. न्हावरा मागं पडलं. ट्रक आपल्या मर्जीनं चालला होता, बैलगाडीपेक्षा जलद आणि बाकी सगळ्यांपेक्षा हळू. मोटारसायकली सुळकन पुढं जायच्या, त्यांवरची माणसं मान वळवून बघायची. खिडकीतून ओल्या मातीचा आणि कुठल्याशा गुऱ्हाळाचा वास येत होता. इंजिनाचा आवाज एका लयीत घुमत होता, जात्यासारखा. भीती नसती तर तिला पेंग आली असती.

मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. तोडणी लांबलेला, तुरे आलेला ऊस. नजर जाईल तिथवर रुपेरी तुरे, आणि त्यांच्या मागून कोवळं ऊन. वारा सुटला होता. त्या वाऱ्यावर तुऱ्यांची म्हातारी सुटली होती. एक नाही, दोन नाही, सगळं आभाळ भरून पांढऱ्या बारीक पिसांचा तरंगता थवा. ती खाली पडत नव्हती, वर जात नव्हती, जागच्या जागी पोहत होती, आणि ट्रक तिच्यातून चालला होता. काचेवर येऊन टेकायची, थरथरायची, निघून जायची. रस्ता दिसेनासा होऊन नुसता उजेड उरला. आपण दौंडला चाललोय की कुठं वरच्या मुलखात, हे जॉयसला क्षणभर कळेना.

"काय उडतंय गं?" वडिलांनी चेहरा काचेकडं नेला होता. "पांढरं पांढरं. मला दिसतंय."

"उसाची म्हातारी, पप्पा."

"किती हाय!" ते म्हणाले, आणि त्यांनी हात खिडकीबाहेर काढला. तळहात पसरून तसेच बसले. "सगळं हलतंय. जिकडं बघावं तिकडं हलतंय."

त्यांचा आवाज असा मऊ झालेला तिनं बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. बघावंसं वाटलं म्हणून तिनं त्यांच्याकडं बघितलं, आणि परत वळताना नजर तबकडीवर गेली. काटा मध्य ओलांडून गेला होता.

तिनं पाय हलका केला. काटा उतरला नाही.

"काटा कुठाय?"

"मधेच आहे, पप्पा."

ऊस संपेना. म्हातारी संपेना. काटा केसाकेसानं उजवीकडं सरकत होता. तिच्या डोक्यात शेडमधले सगळे रविवार एकामागून एक फिरायला लागले. गॅस्केट नीट बसली नसेल. पाण्याचा पंप. पट्टा सैल असेल. कुठला तरी बोल्ट मीच कमी आवळला असेल. आता हा इथंच बसणार, आणि पप्पा म्हणणार, सांगितलं होतं.

"काटा?"

"मधे."

वडिलांनी तळवा खालच्या पत्र्यावर टेकवून बघितला. मग शांतपणे म्हणाले, "जॉयस, माझं डोळं गेल्यात. पाय न्हाई गेले. पायाखालचा पत्रा भाजाया लागलाय. गाडी बाजूला घे."

वडगाव रासाईकडच्या फाट्याअलीकडं, एका लिंबाखाली, तिनं ट्रक उभा केला. इंजिन बंद केलं. अचानक एवढी शांतता झाली की म्हातारी पानांवर टेकतेय तेही ऐकू येईल असं वाटलं. नाकावरून वाफेसारखी हवा थरथरत होती. काटा लाल पट्टीला टेकायला नखभर कमी होता.

"खोटं का बोलत हुतीस?" वडिलांनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

ती काट्याकडंच बघत राहिली. "तुम्ही म्हणाला असता, मेलेलाच आहे तो."

"व्हय," ते म्हणाले. "म्हणालो असतो."

ती खाली उतरली. नाकाची बाजूची झापड उघडली, तर गरम वाफ तोंडावर आली. पट्टा दाबून बघितला, घट्ट होता. पाण्याचा रबरी होज कुठं गळत नव्हता. पंपाखाली थेंब नव्हता. रेडिएटरच्या टोपणाला मात्र तिनं हात लावला नाही, तेवढी अक्कल जागेवर होती. सगळं जसं लावलं तसंच होतं, आणि तरी सगळं तापलं होतं. तिचं रडू फुटायच्या बेतात होतं.

बांधावरून एक बाई आली. कमरेला विळा, डोक्यावर वैरणीचा भारा, मागं दोन शेळ्या. जवळच तिची वस्ती होती, सोजरबाई नाव. भारा खाली टाकून ती ट्रकसमोर उभी राहिली, मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिली, आणि म्हणाली, "का वो ताई, ह्याच्या नाकात कापूस का कोंबलाय? मेला का काय ह्यो?"

जॉयस धावत पुढं आली. जाळीआड रेडिएटर दिसतच नव्हता. तुऱ्यांची म्हातारी चिमट्याचिमट्यानं येऊन तिथं चिकटत गेली होती आणि तिचा चांगला बोटभर जाडीचा गादीसारखा थर झाला होता. वारा आत जायला भोक उरलं नव्हतं. ती बाजूनं इंजिन तपासत राहिली, समोर जाऊन बघायचं सुचलंच नव्हतं.

केबिनमधून कसला तरी आवाज आला. आधी तिला वाटलं पप्पांना ठसका लागला. मग कळलं, ते हसतायत. पोट धरून, मफलर तोंडाला लावून हसतायत.

"नाकात कापूस!" ते म्हणाले. "बाई, तुमच्या तोंडात साखर पडो. मी कवाच म्हणालो हुतो, कुणी ऐकलं न्हाई!"

"पर आप्पा, कापूस काढला तर उठंल की," सोजरबाई म्हणाली. तिनं वस्तीवरून केरसुणी आणली.

दावीद दार उघडून, पायरी चाचपत खाली उतरले. रेडिएटर गार होईतो तिघं लिंबाखाली बसली. मग जॉयसनं जाळी सोडवली, आणि वडिलांनी हात पुढं केला. "मला दे." बोटांनी चाचपत, रेडिएटरच्या बारीक पात्यांना धक्का न लावता, लोकर सोलावी तसे ते थर सोलत गेले. त्यांच्या हातातून सुटलेली पिसं परत वाऱ्यावर लागत होती. केरसुणीनं जॉयसनं उरलंसुरलं झाडलं. सोजरबाईनं जाळीपुढं बांधायला जुन्या पातळाचा विरविरीत तुकडा दिला, हवा जाईल आणि म्हातारी अडेल असा.

"रेडिएटरचा डाग कुणी मारला?" वडिलांनी विचारलं. त्यांची बोटं अजून जोडावरून फिरत होती.

"मी. खंडूनं शिकवलं."

वडिलांचं बोट जोडावर थांबलं. परत एकदा बोट फिरवलं, सावकाश, आणि वर चढून बसले.

ट्रक सुरू झाला. ऊस होताच, म्हातारी होतीच. थोड्या वेळानं ती आपण होऊन म्हणाली, "पप्पा, मधे आहे. जरासा उजवीकडं."

"असू दे. सांगत जा म्हंजी झालं."

ती सांगत गेली. आता मधे. आता चढावर आहे, थोडा वर. आता उतरला. ते दर वेळी "हां" म्हणायचे. पारगावच्या पुलावर भीमा आली, रुंद, संथ, कडेला पाणकणसं. पाण्यावरही पांढरी पिसं तरंगत चालली होती. ती म्हणाली, "पप्पा, नदी." "हां" आलं नाही. तिनं वळून बघितलं. त्यांचं डोकं खिडकीच्या चौकटीला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं, मफलरवर एक म्हातारी बसलेली. ते झोपले होते.

दुसऱ्याच्या गाडीत त्यांनी डोळा मिटलेला तिनं कधी पाहिला नव्हता. एसटीतसुद्धा ते रात्रभर ड्रायव्हरकडं तोंड करून बसायचे. पुढचा सगळा रस्ता, चौफुला, वरवंड, पाटस, तिनं ट्रक असा चालवला, जसं कुणी भरलेली घागर नेतंय.

दौंडला काकांच्या दारात मांडव होता. आतून गीत चालू झालं होतं. ट्रकचा आवाज ऐकून नोएलकाका नव्या कोटात बाहेर आले, वर बघितलं आणि म्हणाले, "अगं, दादाला उठव की! इंजिन तरी बंद कर."

"बंद केलं की जागे होतील," जॉयस म्हणाली. "राहू दे चालू. हे गीत संपेपर्यंत."

"तापंल की गं."

"नाही तापत, काका," ती म्हणाली, आणि स्टेअरिंगवर हनुवटी टेकून आतलं गीत ऐकत राहिली.