मावशींचे हात

सोनूबाईचा हात लेकीने शेवटचा कधी धरला होता, ते तिला पक्कं आठवत होतं. निशा पाचवीत होती. शाळेच्या फाटकाशी तिने हात झटकला आणि म्हणाली, "आये, वास येतो." त्या दिवसापासून सोनूबाई मासे विकून वेसाव्याला परतली की आधी मोरीत बसायची, लिंबाच्या साली हाताला खसाखसा घासायची आणि मगच लेकीच्या वस्तूंना शिवायची. चौदा वर्षांत किती लिंबं संपली, देव जाणे.

दिवाळी सरून पहाटेचा वारा गार झाला की तेच लिंबू सूड उगवायचं. बर्फाने आणि खाऱ्या पाण्याने बोटं आधीच सोललेली, त्यांना भेगा पडायच्या आणि भेगांत रस गेला की बाईच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. अंधेरीच्या बाजारात हिच्या तोंडाचा पट्टा चालू झाला की भलेभले गप्प बसत. रिक्षावाल्यापासून डॉक्टरीणबाईंपर्यंत सगळे तिला मावशी म्हणत आणि वचकून असत. घरी मात्र मुकी. पोर शिकलेली, गोरेगावच्या ऑफिसात नोकरीला. तिच्यापुढे काय बोलायचं?

यंदा नवल घडलं. निशा ऑफिसातून आली आणि चक्क आईसमोर फरशीवर बसली.

"आये, हात दे. हवा बदलली ना, आता स्किनचं रूटीन पण बदलायला लागतं. कढत पाणी बंद, कोमट घ्यायचं. हात ओले असतानाच हे जाड क्रीम चोळायचं, तीन मिनिटांच्या आत. आणि ते लिंबू पहिलं फेक! त्यानंच वाट लागलीये."

"अगो, पन वास?"

"येऊ दे ना वास!"

सोनूबाईने मान फिरवली. लेकीसमोर रडणं तिला जमायचं नाही.

त्यानंतर आठ संध्याकाळी निशा तिचे हात मांडीवर घेऊन बसली. एकेक बोट, एकेक भेग. पाकट माशाचा काटा लागून अर्धं नख गेलेला उजवा अंगठा तर तिने जरा जास्तच वेळ चोळला. हिरव्या बांगड्या सोनूबाई काढायला लागली तर म्हणाली, "राहू दे, छान दिसतात." फोन मसाल्याच्या बरणीला टेकवलेला असायचा. तो कशाला, असं विचारल्यावर उत्तर आलं, "टायमर लावलाय." असेल बाबा. सोनूबाईला फोनशी काय करायचंय! ती हरखून गेली होती. शेजारणीला तीन वेळा सांगून झालं होतं, की माजी पोर माजे हात चोलते.

नवव्या दिवशी सकाळी शर्मिष्ठाताई सुरमई घ्यायला आल्या. बारा वर्षांचं गिऱ्हाईक.

"मावशी, तुम्ही फेमस झालात! हे बघा. अंगठ्यावरून ओळखलं मी तुम्हाला."

फोनमध्ये सोनूबाईचे हात होते. नुसतेच हात, मनगटापर्यंत, बांगड्यांसकट. आणि वरून निशाचा गोड, धुतल्या तांदळासारखा आवाज: 'आमच्या बिल्डिंगमध्ये एक मासेवाल्या मावशी येतात. त्यांचे हात बघून मला इतकं वाईट वाटलं! म्हटलं, थंडीचं रूटीन आपण त्यांच्यापासूनच सुरू करू या...'

"किती गुणी मुलगी आहे," शर्मिष्ठाताई म्हणाल्या. "कोण कुठली कोळीण, पण तिच्या हाताला आपल्या हातानं क्रीम लावते. तुम्ही ओळखता का हिला?"

केसाने गळा कापतात तो असा, चोळता चोळता. माझीच पोर ती, हे शब्द ओठांपर्यंत आले. पण सांगितलं असतं, तर भर बाजारात निशा खोटी पडली असती. आईच ती. तिने सुरमईवर कोयता घातला.

"नय वो ताई," ती म्हणाली. "मी कशी वलखनार?"

दिवसभर तिने कुणाशी घासाघीस केली नाही.

संध्याकाळी निशा आली तेव्हा घरात लिंबाचा वास दरवळत होता. सोनूबाईची बोटं लालबुंद झाली होती, एका भेगेतून रक्त येत होतं.

"आये, हे काय केलंस! आज शेवटचा दिवस होता, फरक दिसायला हवा होता ना!" निशाने फोन बरणीला टेकवला आणि हात पुढे केला. "दे बघू हात."

सोनूबाईने हात पदराखाली घेतले आणि बाजारातल्या आवाजात म्हणाली, "बोला ताई, काय देऊ?"

निशा हसली. मग आईचा चेहरा बघून हसायची थांबली. "आये..."

"मावशी बोला, ताई. सगला बाजार मना मावशीच बोलतो. आये बोलनारी एकच होती."