बारा वाजल्यानंतरचे पक्षी

रविवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पाणथळीवर भोवत्या हा शिकारी पक्षी आला आणि धाकट्याला तो बारा वाजेपर्यंत दिसला नाही.

हे बारा घड्याळातले नव्हेत. पक्षी बघणाऱ्यांची दिशा सांगायची एक रीत असते. आपण घड्याळाच्या मधोमध उभे आहोत असं धरायचं. नाकासमोर बारा, उजव्या हाताला तीन, डाव्या हाताला नऊ. पहिल्या सहलीला हे ना ताईला ठाऊक होतं, ना तिच्या धाकट्या भावाला. गटाच्या म्होरक्या, एक निवृत्त ग्रंथपालबाई, कुजबुजल्या, "दोन वाजता, शेकाट्या."

धाकट्याने मनगटाकडे बघितलं. "दोनपर्यंत थांबायचं? बाई, एकला माझी पाळी आहे हो!"

गट इतका हसला की शेकाट्या लांब लाल पाय मागे टाकून उडून गेला. त्या दिवसापासून गटात धाकट्याचं नाव 'दोन वाजता' पडलं, आणि त्यानेही ते हौसेने मिरवलं.

धाकटा पन्नाशी ओलांडलेला, शहर बसचा चालक. ताई बाजारामागच्या गल्लीत कपडे शिवायची. पाणथळीच्या सहलींचं वेड तिचं. दिवसभर सुईच्या टोकावर डोळे लावून बसायचं, तर आठवड्यातून एकदा लांबचं काही बघावं, एवढाच तिचा हिशेब. सुट्टीला दहापर्यंत लोळणारा भाऊ एका शब्दात तयार झाला, याचं तिला नवल वाटलं होतं. पण मिळालेल्या सोबतीची चौकशी कोण करतो? दोघांत मिळून एक जुनी दुर्बीण होती आणि तिच्यावरून लहानपणीसारखी भांडणं व्हायची.

त्या रविवारी दुर्बिणीची पाळी धाकट्याची होती, पण ती त्याच्या गळ्यात नुसती लोंबत होती. भोवत्या उजवीकडून आला. बोरूच्या शेंड्यांवरून, पंख न हलवता, इतका खालून की बदकांचा थवा एकदम पाण्यावरून उठला. गटातल्या सगळ्या माना एका झटक्यात तिकडे वळल्या. धाकटा आवाजासरशी इकडेतिकडे बघत राहिला. पक्षी थेट नाकासमोर आला तेव्हा तो दचकला.

"अरे! हा कुठून उगवला?"

"'दोन वाजता'ला बारा वाजता दिसला!" मागून कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा पिकला.

ताई हसली नाही. दुर्बीण कधी मिळते याची वाट बघत ती पक्ष्याकडे नव्हे, भावाकडेच बघत उभी होती.

शिवणाऱ्या माणसाला एक खोड असते. दोन बाह्या सारख्या नसल्या की चारचौघांत कुणाला कळत नाही, पण तिच्या डोळ्यांत सलतं. वसंतातल्या चारही सहली तिने मनात उसवून पाहिल्या. पंख वाळवत बसलेला पाणकावळा धाकट्यानेच शोधला होता, नऊ वाजता. खंड्या दहा वाजता. चिखलाच्या रंगाचा तुतवार, जो ग्रंथपालबाईंनाही दिसला नव्हता, तो अकरा वाजता. डावीकडे हा माणूस घारीच्या नजरेचा. पण त्याने स्वतःहून शोधलेला एकही पक्षी बारा वाजल्यानंतरचा नव्हता.

गट लपणात शिरला. लपण म्हणजे लाकडी खोली, समोर एक लांब फट आणि एक बाक. ताई मुद्दाम भावाच्या उजव्या हाताला बसली. थर्मासमधला चहा कपात ओतला आणि कप त्याच्या खांद्याच्या रेषेत, हातभर अंतरावर धरला. धाकटा फटीतून समोर बघत राहिला. तिचं मनगट भरून आलं.

"चहा आणलाय ना गं?" त्याने विचारलं.

"कधीची धरून बसलेय."

त्याने मान वळवली. कप बघितला, मग तिचा चेहरा. कप घेताना त्याची बोटं जराशी चुकली.

"कधीपासून?" तिने हळूच विचारलं.

"काय कधीपासून?"

"माझ्यापुढे येड्याचं सोंग घेऊ नकोस. तुझं वाहतं नाक मी पुसलंय."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला ग्रंथपालबाई कुणाला तरी बदकाची चोच समजावत होत्या. धाकटा चहावर फुंकर घालत राहिला.

"थंडीपासून. जास्त काही नाही, ताई. कडेचं जरा पुसल्यासारखं. मी मान वळवून बघतो, चालतं."

"आणि आगारातला तो खांब?"

गेल्या महिन्यात त्याने बस खांबाला घासली होती. 'खांबच पुढे सरकला' म्हणून जेवताना त्याने घरभर हसवलं होतं. ताईही पोट धरून हसली होती.

"कुणीतरी म्हणालं, लांबचं बघितलं की नजर सुधारते," तो म्हणाला. "म्हणून तर आलो तुझ्याबरोबर. नाहीतर मला बगळा काय आणि बदक काय!"

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं की कागदावर येणार. कागदावर आलं की बसवरून खाली. मग मी काय करू, तुझ्याकडे काजं-बटणं?"

"कर की. मला चांगला माणूस मिळत नाहीये."

तो हसला नाही.

परतताना गाडी त्यानेच चालवली. ताईला चालवता येत नव्हती, आणि बाईंच्या गाडीतून जायला त्याने साफ नकार दिला. प्रत्येक वळणावर तो मान पार खांद्यापर्यंत फिरवत होता. इतके दिवस ती त्याला 'मान अवघडलीय का रे?' म्हणून विचारायची. भाजी बाजाराच्या चौकात त्याने वेग थोडा वाढवला.

"तीन वाजता, सायकल," ताई म्हणाली.

त्याने करकचून ब्रेक दाबला. सायकलवरची मुलगी चाकासमोरून निघून गेली, मागे न बघता. कॅरियरवर तिचं शिकवणीचं दप्तर होतं. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली, तरी धाकट्याचे हात स्टिअरिंगवर तसेच होते.

"दिसली होती," तो म्हणाला.

ताईने मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"नव्हती दिसली," तो म्हणाला.

ताईच्या घराच्या दारात गाडी थांबल्यावर ती उतरली नाही. "उद्या पहिली फेरी कुणाची?"

"माझी. शाळेची पोरं असतात."

"सकाळच्या आत आगारात सांग. नाहीतर मी सांगते."

"तू सांगशील? माझ्याबद्दल?"

"सांगेन. मग जन्मभर बोलू नकोस माझ्याशी."

"ताई, तुझा ना, कुणाची शिवण उसवताना हात कापत नाही."

"कापतो," ती म्हणाली. "तरी उसवावं लागतं."

त्या रात्री त्याचा फोन आला नाही. तिने केलेला त्याने उचलला नाही.

सोमवारी पहाटे ताई शाळेच्या फेरीच्या एका थांब्यावर उभी होती. आगाराचा नंबर मोबाइलवर काढून ठेवलेला, अंगठा त्यावर. दप्तरं लावलेली पाच-सहा मुलं तिच्याकडे बघत होती. या बाईला शाळेत काय काम, असा त्यांचा भाव. बसची वेळ झाली, टळली. तेवीस वर्षांत धाकट्याची पहिली फेरी उशिरा सुटली नव्हती, हे तो लग्नकार्यात अनोळखी माणसालाही ऐकवायचा.

बस दहा मिनिटं उशिरा वळणावर दिसली. ताईच्या डाव्या हाताला, साधारण दहा वाजता. आतले दिवे चालू होते, पण उगवतीचा सगळा उजेड समोरच्या काचेवर होता; चालवणारा कोण, ते दिसेना.